ताईच्या खुब्याविषयी माझं स्पष्ट मत

तीर्थरूप ताई,

नमस्कार. लांबूनच करते, कारण जवळ असतीस तर चार महिने पत्र नाही म्हणून आधी पाठीत धपाटा घातला असतास आणि मग आशीर्वाद दिला असतास. ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायला पेन सवयीनं सरसावलं होतं, त्याला मी थांबवलं. आपण दोघी जन्मभर सर्व ठीक लिहीत आलो आणि त्यापायी मला काय भोगावं लागलं ते पुढे येईलच. आधी तुझी चौकशी. खुबा कसा आहे? जिना अजून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढतेस का? काठी डाव्या हातात धरतेस ना? (दुखणं उजवीकडे तर काठी डावीकडे. हे मला माणसानं नाही, परदेशी दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रानं शिकवलं.) भावजी गेल्यापासून तू घरात एकटी, आणि दूधवाल्याला दार उघडायला तुला पाच मिनिटं लागतात हे वाचून मी ताट बाजूला सारलं. दूधवाला थांबतो, हे त्याचं मोठेपण.

तू लिहिलंस की खुबा बदलावा लागणार हे आता नक्की, आणि ढब्बू परदेशातून म्हणतो, आई, तिकडे राहून काय करतेस, इकडे माझ्याकडे ये, कायमची ये, इथे सरकारी इस्पितळात सगळं होईल. (तुझा लेक चाळिशीला टेकला, टक्कल पडलं, हाताखाली वीस माणसं आहेत, पण माझ्या तोंडात त्याचं दुसरं नाव बसत नाही.) महिनाअखेर त्याला हो की नाही ते कळवायचं आहे. आणि तू मला विचारतेस, तिकडे जाऊ की इकडेच एखाद्या खासगी इस्पितळात करून घेऊ. दोन्हीकडचं पाणी प्यालेली घरात तूच एक, तू म्हणशील तसं करते. ताई, सत्तर वर्षांत तू माझं एकदाही ऐकलेलं नाहीस. सुरुवात करायला तुला हाच विषय मिळाला, म्हणून जबाबदारीनं उत्तर देते. रागात लिहिते आहे, पण रागाच्या भरात नाही. तो फरक तुला कळतो.

तिकडचं आधी. सूनबाईच्या बाळंतपणाला मी गेले, कारण तेव्हा भावजींचं आजारपण चालू होतं आणि तुला पाय उचलता येत नव्हता. वर्षभर राहायचा परवाना होता म्हणून मलाही त्यांच्या दवाखान्याचं कार्ड मिळालं. तिकडे दवाखाना सरकारचा, करातून चालणारा, आणि सगळ्यांचा. हमाल असो की न्यायाधीश, रांग एकच. कार्ड दाखवायचं, पाकीट काढायचं नाही. हे ढब्बूनं सांगितलं तेव्हा मला भरून आलं होतं. कॉन्व्हेंटात मदर सांगायच्या ना, स्वर्गात सगळे एकाच बाकावर बसतील, तसं काहीसं डोळ्यांपुढे आलं. (त्या बाकावर किती वेळ बसायचं हे मदरनी सांगितलं नव्हतं.)

बाळ दोन महिन्यांचं होतं तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं. उजव्या बरगडीखाली कुणीतरी ओला कपडा पिळावा तसं. दुसऱ्यांदा दुखलं तेव्हा ढब्बू म्हणाला, मावशी, डॉक्टरला दाखवू. ‘दाखवू’ हा शब्द त्यानं किती सहज वापरला. तिकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे सकाळी बरोबर आठ वाजता फोन करायचा. एक मिनिट आधी केला तर आधीच भरून ठेवलेला एका बाईचा आवाज सांगतो, दवाखाना अजून उघडलेला नाही. एक मिनिट नंतर केला तर तोच आवाज सांगतो, तुमच्यापुढे एकतीस माणसं आहेत, आम्हाला तुमची काळजी आहे. मग वाजंत्री. ढब्बू आणि सूनबाई दोन फोन घेऊन, मांडीवर बाळ आडवं टाकून, घड्याळाच्या काट्याकडे बघत बसायचे. तीन सकाळी हा प्रकार चालला. त्या तीन दिवसांत बाळानं वाजंत्री ओळखायला सुरुवात केली, ती लागली की ते झोपायचं.

चौथ्या दिवशी फोन लागला. पलीकडे डॉक्टर नव्हता, फोनवरची मुलगी होती. डॉक्टरनं तुम्हाला बघावं इतके तुम्ही आजारी आहात का, हे आधी ती ठरवते. तिनं गोड आवाजात विचारलं, आज कशा आहात. आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, अगदी छान, आभारी आहे, आपण कशा आहात. पोटात कळ चालू होती, एका हातानं मी ओट्याची कड धरली होती, आणि मी तिला विचारत होते, आपण कशा आहात. सहा वर्षांची असल्यापासून जिन्यात मदर भेटल्या की काय म्हणायचं ते आपल्या हाडांत शिवून दिलेलं आहे, ते असं उसवत नाही. त्या मुलीनं कागदावर ‘छान’ असं लिहिलं. (हे मला नंतर कळलं. तिकडे आपले कागद आपल्याला बघायला मिळतात, तेवढी एक गोष्ट आहे.)

मग तिनं विचारलं, दुखणं दहापैकी किती. आता मला सांग, शिवणाच्या तासाला आपण दहापैकी मार्कांखाली वाढलो. शिवणाच्या मदर तीन द्यायच्या, फार झालं तर चार. तुझ्या त्या फ्रॉकच्या घेराला एकदा सहा मिळाले तर वरच्या वर्गातल्या मुली येऊन फ्रॉक बघून गेल्या होत्या. सात कुणी पाहिले नाहीत. दहा तर शब्दकोशात नव्हते. पोट दुखत होतं, चांगलंच दुखत होतं, पण तुझ्या घेराइतकं ते अव्वल होतं असं मला प्रामाणिकपणे म्हणवेना. समोर सूनबाई बाळ ढब्बूच्या हातात कोंबून दोन्ही हातांची मिळून आठ बोटं माझ्या नाकापुढे नाचवत होती. ‘आठ सांगा, मावशी, आठ सांगा,’ असं तोंडानं, आवाज न करता. मी तिला हातानं गप्प केलं आणि फोनवर सांगितलं, चार. थोडा विचार करून म्हटलं, साडेतीनच धरा.

मुलगी म्हणाली, मग तीन आठवड्यांनी या.

फोन ठेवल्यावर सूनबाई जी बोलली ती तिच्या जागी बरोबर बोलली, म्हणून इथे लिहीत नाही. ढब्बू एवढंच म्हणाला, ‘मावशी, ते मार्क नाहीत गं. ती बोली आहे.’ मी म्हटलं, मी बाजारात उभी नाही. तो म्हणाला, ‘तेच तर चुकलं.’

तीन आठवड्यांनी डॉक्टर भेटले. वयानं ढब्बूपेक्षा लहान, अदबशीर, वेळ दहा मिनिटं. दारावर पाटी होती, एका भेटीत एकच तक्रार सांगावी. मी चार तक्रारींची यादी नेली होती, सुवाच्य अक्षरात, क्रमानं. पोट, गुडघा, झोप, आणि डाव्या कानातला आवाज. ते म्हणाले, एक निवडा. मी पोट निवडलं. बाकीच्या तिघांना घेऊन बाहेर आले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. पोट दाबण्याआधी त्यांनी आपले हात चोळून गरम केले हे मी कबूल करते. ते म्हणाले, बहुतेक पित्ताशयात खडे असावेत, सोनोग्राफी करू. त्या ‘करू’ला चौदा आठवडे लागले. खडे निघाले. सात. मग पत्र आलं. इतकं सभ्य पत्र मला गेल्या तीस वर्षांत कुणी लिहिलं नाही. आपलं नाव शस्त्रक्रियेच्या यादीत घेतलं हे कळवण्यास आनंद होतो, अंदाजे बावन्न आठवडे लागतील, दरम्यान तळलेलं खाऊ नये. यादीत मी चारशे अकरावी. ताई, चारशे दहा माणसं पोट धरून माझ्यापुढे उभी आहेत, आणि सगळी एकमेकांना ‘छान, आभारी आहे’ म्हणताहेत, असं मला स्वप्नात दिसायला लागलं.

परवान्याचं वर्ष संपलं, मी परत आले. तपासणीचं बोलावणं ढब्बूच्या दारात पडलं तेव्हा मी विमानात होते. मग त्यांचं दुसरं पत्र मला इथे आलं. आपण तपासणीस आला नाहीत याचा खेद वाटतो, आपल्यामुळे दुसऱ्या एका रुग्णाची वेळ वाया गेली, आपलं नाव यादीतून काढत आहोत. वर्षभर मी वाट बघितली, आणि वेळ वाया घालवला मी. शाळेच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं मी उशिरा पुस्तकं परत करणाऱ्या मुलींना चिठ्ठ्या पाठवल्या, पण अशी चिठ्ठी पाठवायचं धाडस मला झालं नाही.

आता इकडचं. इकडे आल्यावर महिनाभरात पुन्हा कळ आली, सकाळी अकराच्या सुमारास. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रिक्षा घेऊन आले आणि मला त्या नव्या इस्पितळात घेऊन गेले. हे ते नऊ मजल्यांचं, ज्याच्या दारात कारंजं आहे. आत गेलं की औषधाचा वास नाही, फुलांचा वास. काचेच्या टाकीत मासे. (मासे मात्र ठणठणीत होते.) टेबलामागे कोट घातलेली एक मुलगी, तिनं पहिला प्रश्न विचारला की विमा आहे का, दुसरा की खोली कोणती घेणार, बागेच्या बाजूची की रस्त्याच्या. मी म्हटलं, बाई, माझं पोट दुखतंय. ती म्हणाली, हो हो, ते पण बघू.

मग तिनं विचारलं, मॅडम, दुखणं दहापैकी किती. ताई, वर्षभराच्या तपश्चर्येनं मी शहाणी झाले होते. ढब्बूचे शब्द आठवले. मान ताठ केली, डोळे मिटले, शिवणाच्या मदरची मनात क्षमा मागितली आणि म्हटलं, नऊ.

तो आकडा तोंडातून बाहेर पडला आणि कुठून तरी चाकांची खुर्ची आली. दोन माणसांनी मला उचललं, तिसऱ्यानं चष्मा काढला, चौथीनं मनगटावर पट्टी बांधली. सत्तरीची बाई, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, दहापैकी नऊ, म्हणजे हृदय. मी ओरडून सांगत होते की खडे आहेत, सात आहेत, कागद आहेत पिशवीत. पिशवी पोस्टमास्तरांच्या हातात राहिली आणि पोस्टमास्तर माशांच्या टाकीपाशी. तासाभरानं माझ्या छातीला बारा वायरी होत्या आणि मी अतिदक्षता विभागात होते, जिथे खिडकी नाही, घड्याळ आहे, आणि घड्याळ कुणीच बघत नाही. मी नर्सला म्हटलं, मी चुकून नऊ सांगितलं, चार करा. ती म्हणाली, आता कमी होत नाही हो, आजी, सिस्टिममध्ये गेलं.

पुढचे तीन दिवस माझ्या खाटेपाशी लोक येत गेले. हृदयाचे डॉक्टर आले, हाडांचे आले, मेंदूचे आले, डोळ्यांच्या बाई आल्या. तिकडे एका भेटीत एकच तक्रार सांगायची होती. इकडे मी न केलेल्या तक्रारींसाठीसुद्धा एकेक माणूस हजर. प्रत्येक जण माझ्या पायथ्याशी उभा राहून फाइल वाचायचा आणि म्हणायचा, बरं झालं वेळेवर आलात. मेंदू यंत्रात घालून पाहिला. हाडं मोजली. गुडघ्याचं चित्र काढलं आणि तोही बदलू म्हणाले. (बिचारा वर्षभर रांगेत उभा होता, त्याला एकदम इतकी आस्था झेपली नसावी. त्या दिवशी तो दुखायचा थांबला.) एक आहाराच्या बाई येऊन मी रोज काय काय खावं याचा रंगीत तक्ता देऊन गेल्या, आणि खाटेवर पाटी होती, उपाशी ठेवणे. पोटावर हात मात्र कुणी ठेवला नाही, गरमही नाही आणि गारही नाही. पोस्टमास्तर रोज भेटायला यायचे. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी बसल्या बसल्या त्यांची साखर फुकट तपासली गेली आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याही मनगटावर पट्टी होती. मला म्हणाले, ‘बाई, मी तुम्हाला बघायला आलो होतो ना?’ मला तरी कुठे आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी शल्यविशारद आले. सूट, टाय, मागे सहा जण. बसले नाहीत. म्हणाले, उद्या सकाळी आधी हृदयाची नळी तपासू, वाटलं तर तिथेच फुगा घालू, मग पित्ताशय काढू, आणि भूल दिलेलीच आहे तर गर्भाशयही काढून टाकू, या वयात ठेवून उपयोग काय. अगदी असंच बोलले, घर रंगवायला आलेला माणूस म्हणतो तसं, शिडी लावलीच आहे तर वरचं छप्परही करून घेऊ. मी म्हटलं, डॉक्टर, जुनं सामान काढायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही. मागचे सहा जण आपापल्या बुटांकडे बघायला लागले. ते निघून गेल्यावर त्या सहांतली शेवटची मुलगी, शिकाऊ डॉक्टर, क्षणभर मागे राहिली. मी तिला विचारलं, बाळ, माझ्या हृदयाला काय झालंय. तिनं दाराकडे बघितलं, फाइलकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, ‘काही नाही, आजी. पहिल्या दिवसापासून काही नाही. सर सांगतील तुम्हाला.’ मला तिचा राग आला नाही. राग आला तो हा, की खरं बोलायला त्या पोरीला दाराकडे बघावं लागलं.

मी उठले. वायरी स्वतःच्या हातानं काढल्या, यंत्रांनी आरडाओरडा केला. सल्ल्याविरुद्ध जाते आहे अशा कागदावर मला सही करायला लावली, मी तीन प्रतींवर केली. हिशेबाच्या खिडकीपाशी पाच तास काढले, आकडा तुला सांगत नाही, तुझा खुबा बसल्या जागी निखळेल. आणि शेवटी फाटकापाशी रखवालदार म्हणाला, गेटपास. बाहेर जायचा पास. माल बाहेर काढताना लागतो तो. मी म्हटलं, मी माणूस आहे. तो म्हणाला, आज्जी, मला माहिती आहे, पण पास पाहिजे. पोस्टमास्तरांचाही वेगळा पास लागला. खडे सातच्या सात माझ्याबरोबर घरी आले.

तर ताई, हे असं. तिकडे मला काही झालेलं नाही हे ठरवायला सगळे बसले होते, इकडे मला सगळं झालंय हे ठरवायला. जे झालंय त्याच्याकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं. आपल्या शाळेच्या आजाऱ्यांच्या खोलीत एक म्हाताऱ्या मदर होत्या, आठवतात? एकच गुलाबी औषध, पोटाला तेच, तापाला तेच, गणिताच्या पेपरालाही तेच. पण आधी त्या खाटेच्या कडेला बसायच्या. मला आता कळतं की औषध ते बसणं होतं. असं बसायला ना तिकडे वेळ आहे, ना इकडे ते कुठल्या पॅकेजात बसतं. मी पुन्हा पुन्हा विचार करते, आपण मागितलं तरी काय? कुणीतरी विचारावं, आपण खरं सांगावं, आणि त्यावर विश्वास ठेवून त्यानं जेवढं करायला हवं तेवढंच करावं. एवढंसं मागणं, आणि दोन देशांत मिळून पुरं होत नाही.

म्हणून तुझ्या खुब्याविषयी माझं स्पष्ट मत असं. इकडे करू नकोस, खुबा बदलायला जाशील आणि दोन्ही गुडघे बदलून येशील. तिकडेही जाऊ नकोस, तुझा नंबर येईपर्यंत ढब्बूचं बाळ कॉलेजात जाईल. आहे तो खुबा आहे तसा ठेव. काठी चांगली घे, रबरी टोकाची. दूधवाल्याला किल्ली दे. ढब्बूला कळव की मावशीनं नाही म्हटलं आहे, माझं नाव पुढे कर, मी समर्थ आहे. पत्र पावल्याचं कळव. बाळाचा नवा फोटो आला तर लगेच पाठव, माझ्याकडच्यात त्याला अजून दात नाहीत.

तुझी धाकटी

ता. क. हे पत्र ढब्बूला किंवा सूनबाईला दाखवू नकोस. वर मी त्या दोघांबद्दल जे लिहिलं त्यात त्यांनी माझ्यासाठी किती केलं ते लिहायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी गाळलं.

ता. क. आणखी एक गाळलं आहे. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं, कारण खोटं बोलले नाही तरी निम्मं बोलले, आणि तू माझ्या शब्दावर आयुष्य ठरवणार आहेस. तिकडे सोनोग्राफीनंतर एका दुपारी मला फार मोठी कळ आली. घरात मी आणि बाळ दोघंच. मी रुग्णवाहिकेचा तो तीन आकड्यांचा नंबर फिरवला. अकराव्या मिनिटाला दोन माणसं आली. एक तर दारात मावेना इतका थोराड, दोन्ही दंडांवर गोंदलेलं. तो स्वयंपाकघराच्या फरशीवर माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला, आणि त्यानं दहापैकी वगैरे काही विचारलं नाही. विचारलं, घाबरलात का. मी हो म्हटलं आणि रडले. त्याच्या जोडीदारानं सूनबाई येईपर्यंत बाळाला खांद्यावर घेऊन बाळाची बाटली गरम केली. इस्पितळात सात तास बोळात ढकलगाडीवर पडून होते, वारं येत होतं, हे खरंच आहे. पण इंजेक्शन पहिल्या दहा मिनिटांत मिळालं, दुखणं थांबलं, आणि दर तासाला एक नर्स येऊन उशीर होतोय म्हणून माफी मागून चहा देऊन जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, आता घरी जा. मी पर्स उघडून ते टेबल शोधत होते जिथे काहीतरी द्यायचं असतं, सही करायची असते. जमीन पुसणाऱ्या बाईंनी विचारलं, काय शोधता. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, काही नाही गं, तू आपली घरी जा आणि झोप. फाटकापाशी कुणी नव्हतं. फाटकच नव्हतं. हे मी वर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू गेली असतीस. आणि ‘कायमची ये’ हे ढब्बूचे शब्द तुझ्या पत्रात तू इतक्या सहज लिहिलेस की मला त्या ओळीच्या पुढे वाचवेना. मी इथे, तू तिथे, म्हणजे मग आपलं काय उरलं? पत्रं, आणि त्यात सर्व ठीक.

ता. क. तेव्हा जा. मी ‘हो’ म्हणते. वाट बघावी लागेल, पण रांगेत तू घरातल्या माणसांत उभी असशील, दूधवाल्याच्या भरवशावर नाही. मात्र खुबा बदलल्यावर सहा आठवडे खाली वाकता येत नाही, हे मी वाचून काढलं आहे. मोजेसुद्धा स्वतः चढवता येत नाहीत. सूनबाईची नोकरी, ढब्बूची नोकरी, सरकारी नर्स येणार पंधरा मिनिटं. शाळेच्या पहिल्या वर्षी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी तू रोज तुझ्या वर्गाची ओळ सोडून माझ्या ओळीत यायचीस आणि माझ्या बुटांच्या नाड्या बांधून जायचीस. त्याबद्दल तुला वर्षभर उशिराचा शेरा मिळत होता, हे मला तू कधी सांगितलं नाहीस, मदरनी सांगितलं, तू शाळा सोडल्यावर. तुझे मोजे मी चढवीन. ढब्बूला सांग, मलाही बोलावून घे. माझा परवाना पाच वर्षांचा आहे, एका खेपेला वर्षभर राहता येतं, काल काढून बघितला.

ता. क. तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते. त्या यादीवाल्यांना मी मागेच एक माफीचं पत्र लिहिलं होतं, कॉन्व्हेंटचं सगळं शिक्षण त्यात ओतलं होतं. त्यांचं उत्तर आलं. नाव जुन्या तारखेनं परत घातलं आहे, येत्या हिवाळ्यात नंबर लागेल. म्हणून मी मोज्यांचं लिहिलं असं तुझ्या मनात येईल, मी तुला ओळखते. ढब्बू तिकिटं काढेल तेव्हा दोघींच्या जागा लागून घ्यायला सांग. वाटेच्या कडेची जागा मी तुला देते. मला रात्रीत चार वेळा उठावं लागतं हे माहीत असूनही देते, यावरून माझा हेतू काय तो ओळख.